चार बोटं फट

थळ, कोळीवाडा
ता. ६ डिसेंबर १९३३

दादूस,

मैनाचा नमस्कार. तू दोन महिने पत्र टाकलं नाहीस म्हणून मीही हट्टाने टाकणार नव्हते, पण आयचं लिहिल्यावाचून राहवत नाही.

तिचे डोळे फार बिघडलेत. परवा सोडे निवडताना तिने टरफलं सुपात ठेवली आणि सोडे कोंबड्यांना टाकले. कोंबड्यांची चैन झाली. मी हसले, तीही हसली, मग तिला खोकल्याची अशी उबळ आली की भिंत धरून खाली बसली. धर्माजींनी बैलगाडी केली आणि मी तिला अलिबागला डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, औषध देतो, पण हा सगळा चुलीचा धूर आहे, म्हातारीला धुरातून बाहेर काढा. कसं काढणार? पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद, आत ओली लाकडं, आणि माझ्या हातचं कालवण तिला चालत नाही. शेजारीच धर्माजींना लेक दिली आहे, तरी चूल सोडायला तयार नाही.

बाबा आहेत तसेच. बंदरावर होड्यांच्या फटी भरतात. कापूस, राळ आणि तेल यांचा वास घेऊन घरी येतात. तू होडी सोडून मुंबईला गेलास त्याला चार वर्षं झाली, अजून तुझं नाव घेत नाहीत. पण तुझं पत्र आलं की नेमके तेव्हाच जाळं सोडवायला माझ्या ओटीवर येऊन बसतात. मी मोठ्याने वाचते. ते ऐकत नाहीत असं आम्ही दोघंही समजतो.

तू पत्र्याच्या कारखान्यात आहेस. धुरावर काही उपाय असेल तर कळव.

तुझी मैना

*

माझगाव, मुंबई
ता. ४ फेब्रुवारी १९३४

चि. मैनास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला कारण मी उत्तर लिहीत नव्हतो, बनवत होतो. आमच्या कारखान्यात लाँचांवरच्या लोखंडी चुली होतात. मिस्त्रीच्या हातापाया पडून मोडीतला पत्रा मिळवला आणि रविवारी बसून आयसाठी एक चूल आणि धुराड्याची नळी केली. रेवसच्या बोटीने पाठवली आहे. धर्माजींना गाडी घेऊन उतरवून घ्यायला सांग.

आता हे बाबांना वाचून दाखव, कारण बसवणार तेच.

नळी छपरातून न्यायची नाही. वर पेंढा आहे. भिंतीतून बाहेर काढायची आणि बाहेर लोखंडी सळयांवर उभी करून छपराच्या वर हातभर न्यायची. आपली भिंत कुडाची, म्हणजे आत कारवीच्या वाळक्या काठ्याच. शेणमातीने लिंपली म्हणून तिची माती होत नाही, तापली तर पेटणारच. म्हणून भिंतीला हातभर लांब-रुंद चौकोन कापायचा, कारवी, बांबू सगळं काढून टाकायचं. त्या जागी विटांचे तुकडे मातीत बसवायचे आणि मधोमध मी पाठवलेली पत्र्याची मोठी बांगडी. नळी त्या बांगडीच्या मधून जाईल. तीन लोखंडी पट्ट्या दिल्या आहेत, त्यांच्यावर ती अधांतरी राहील. विटांना टेकणार नाही, बांगडीलाही नाही. महिन्यातून एकदा नळी उतरवून काजळी झाडायची.

इथून पुढचं फक्त तुझ्यासाठी. एकदा नळी बसली की बाबांना तिथे फिरकू देऊ नको. उभा जन्म होड्यांच्या फटी बुजवण्यात गेला, फट दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. होडीपलीकडे त्यांना काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. हे मी निघताना त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं, आज पुन्हा लिहितो. नळी आणि बांगडी यांच्यामध्ये चारी बाजूंनी चार बोटं फट आहे. ती मोकळीच राहिली पाहिजे. तिच्यातून वारा खेळतो म्हणून भिंत तापत नाही. लाँचांवर लाकडी भिंतीतून नळी अशीच जाते. ती फट चिंधीने, काथ्याने, कशानेही भरायची नाही.

सर्वांना नमस्कार. आयला सांग, आता सोडे स्वतः खा, कोंबड्यांना पुरे झाले.

कान्हा

*

थळ
ता. २५ फेब्रुवारी १९३४

दादूस,

चूल बसली! काय सांगू तुला, सगळा कोळीवाडा बघायला आला. नीराबाई तर आयला म्हणाली, सखुबाई, तुझ्या घरात आगबोट शिरली.

तुझं पत्र बाबांना दोनदा वाचून दाखवलं. तू ‘फक्त तुझ्यासाठी’ म्हणून लिहिलंस ते वाचलं नाही. समोर बसून होते ते, कानात जीव आणून. तुला काय जातं रे असलं लिहायला! मी तिथून जी उडी मारली ती थेट ‘सर्वांना नमस्कार’वर. सोड्यांचं ऐकून आय इतकी हसली की बाबांनाही मिशीत हसावं लागलं.

बाबांनी चौकोन असा कापला की मिस्त्रीनेही मान डोलवावी. विटा मागायला दोन कोस चालत गेले. बांगडी बसवताना तिच्यावरून हात फिरवत राहिले, मग मला म्हणाले, “पत्रा सरळ कापलान हाय.” एवढंच. पण चार वर्षांत तुझ्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य, म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

घरात धूर नाही. खरंच नाही. आय चुलीपुढे बसून माझ्याशी बोलते आणि मध्ये खोकत नाही.

मैना

*

माझगाव
ता. १० मार्च १९३४

चि. मैना,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. ‘सरळ कापलान’ हे मिस्त्रीलाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझा बाप कोण मोठा साहेब आहे की काय? मी म्हणालो, त्याहून मोठा आहे.

बाबांबद्दल वाकडं लिहिलं ते वाचलं नाहीस, बरं केलंस. राग आला की माझी लेखणी सुटते. नारळी पौर्णिमेला रजा मागतो आहे. आधी सांगू नको, रजा मिळाली नाही तर आय वाट बघत बसेल. बाबा उंबऱ्यात उभं करतील ना? करतील असं वाटतं. आयच्या डोळ्यांचं कळव.

कान्हा

*

थळ
ता. २७ मे १९३४

दादूस,

वाळवणाच्या गडबडीत लिहायला फुरसत झाली नाही. आयला आता माणसं ओळखू येतात. मीठ आणि साखर अजून चाखूनच कळते, पण स्वयंपाक पुन्हा सगळा तिच्या हातात. मला चुलीजवळ फिरकू देत नाही. रविवारी, तीन जूनला, बाबांची होडी पावसाळ्यासाठी वर ओढायची आहे. ओढायला पंधरा-वीस माणसं येतील, त्यांचं जेवण एकटी रांधणार म्हणते. कुणाचं ऐकेल तर शपथ.

पावसाची सगळी तयारी झाली. कुडाला बाहेरून माडाचे झाप बांधले. भिंतीचं काम बाबांनी स्वतः केलं. आयच्या पाठीला वारा लागत होता, तो बंद झाला. बाबा म्हणाले, “पोरान काम चांगला केलान, थोडा रहिला व्हता, ता मी केला. आता थेंब आत येनार न्हाय.” तुझ्या कामाला त्यांचा हात लागला, दादूस. त्या दिवशी ते शीळ घालत होते. तू आलास तर उंबऱ्यातच काय, ओटीवर घोंगडी टाकून बसवतील.

मैना

*

माझगाव
ता. १ जून १९३४

मैना,

पत्र आत्ता मिळालं. वारा बंद झाला म्हणजे काय? थेंब येणार नाही म्हणजे काय? थोडं राहिलं होतं म्हणजे कुठलं? बाबांनी नळीभोवतीची फट भरली का? कशाने भरली? कापूस-राळ असेल तर देवासाठी आत्ताच्या आत्ता काढ. बाबा रागावले तर रागावू दे. काढेपर्यंत चूल पेटवू नको. रविवारी आय वीस माणसांचं रांधणार, चूल सकाळभर लालभडक राहील. त्या दिवशी तुझ्या घरी रांधा. मी पत्र स्वतः बोटीवर ओळखीच्या खलाशाकडे देतो आहे. मिळताच उत्तर टाक.

कान्हा

*

माझगाव
ता. २० जून १९३४

मैना,

काल पोचलो. तेरावं होईपर्यंत त्या घरात, म्हणजे तुझ्या घरात, मी बाबांशी एक शब्द बोललो नाही, हे तू बघितलंस. लोकांनी बघितलं. बघू देत.

माझं पत्र सोमवारी तुझ्या हाती पडलं आणि आय रविवारी गेली. एक दिवस. त्याचा दोष मी कुणाला देत नाही, खलाशाची बोट वाऱ्याने अडली. पण फेब्रुवारीत मी काय लिहिलं होतं? मराठीत लिहिलं होतं ना? फट भरायची नाही. तू दोनदा वाचून दाखवलंस. दोनदा ऐकूनही त्यांनी राळेत भिजवलेला कापूस ठासून भरला, कारण पोराने सांगितलं ते ऐकायचं कसं? राखेत मी ती बांगडी बघितली, मैना. राळ जळून तिच्या कडेला चिकटली होती. ती झापांवर गळली असेल आणि तिथून छपराला जायला किती वेळ लागतो? आणि आत एक अर्धी आंधळी बाई.

पंक्तीला ते माझ्या समोर बसले होते. पान तसंच ठेवून उठले. मला दया आली नाही. त्या माणसाला मी कधीही क्षमा करणार नाही, हे तू त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल.

कान्हा

*

थळ
ता. ८ जुलै १९३४

दादूस,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. तू इथे होतास तेव्हाच सांगायला हवं होतं. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते, आणि कुणीतरी समाचाराला यायचं.

बाबांनी ऐकलं नाही असं नाही. मी त्यांना ते वाचलंच नाही.

तू लिहिलंस ना, ‘इथून पुढचं फक्त तुझ्यासाठी’. मी तिथून उडी मारली. तुला कळवलंही होतं. फटीचं सगळं त्याच्यातच होतं. नंतर एकटीने वाचलं होतं रे मी, पण मला तुझा रागच दिसला. हा माणूस अजून भांडतो आहे, एवढंच मनात राहिलं. चार बोटांकडे माझं लक्षच गेलं नाही. बाबा कापूस भरत होते तेव्हा मी शेजारी उभी होते. राळेचं भांडं मी धरलं होतं.

त्यांना काय दिसलं असेल सांगू? साठ वर्षांच्या त्या माणसाला फट दिसली. फटीतून पाणी येतं, पाणी आलं की होडी जाते, माणसं जातात. त्यांना वाटलं, पोराने घाईत काम अर्धवट सोडलं, आपण पुरं करावं. तुझ्यावरच्या मायेने भरली ती फट. आयच्या पाठीला वारा लागू नये म्हणून भरली.

आणि त्या रविवारचं तुला कुणी सांगितलेलं नाही. आम्ही सगळे किनाऱ्यावर दोर ओढत होतो. घराकडे धूर दिसला. रोजच दिसायचा, त्या दिवशी जास्त होता. बाबांनी दोर सोडून बोट दाखवलं आणि सगळ्यांना म्हणाले, “बघा, माज्या कान्हाचा धुराडा. म्हातारीन आज मोठा बेत केलान हाय.” सगळे हसले. मीही हसले. हसून पुन्हा दोराला लागलो. ज्वाळा दिसेपर्यंत कुणीही पळालं नाही.

आता ते माझ्या ओटीवर असतात. दोन घास खातात, तेही मी पुढ्यात बसले तर. लोक होड्या घेऊन बोलवायला येतात, हे म्हणतात, माझ्या हातून नको. पंधरा दिवसांपूर्वी पावसात अलिबागला चालत गेले. तिथल्या भागोजी पत्रेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, अशी फट मोकळीच ठेवायची असते. तेव्हापासून रोज मला एकच विचारतात, “मैना, कान्हान लिवला व्हता काय?” मी म्हणते, आठवत नाही. पत्र तुमच्या घराबरोबर जळलं. ते ऐकून घेतात आणि दुसऱ्या दिवशी परत विचारतात.

खरं सांगितलं तर मी तोंड कुठे लपवू? पण तू म्हणशील तर सांगते. मी तुझी अपराधी आहे, आयचीही.

मैना

*

माझगाव
ता. ५ ऑगस्ट १९३४

चि. मैना,

महिना लागला. पहिले आठ दिवस तुझा राग आला, खोटं कशाला सांगू? मग एके दिवशी कारखान्यात नळीला बांगडी चढवताना माझा हात थांबला. कामाचं सांगणं आणि मनातला राग मी एकाच परिच्छेदात लिहिला. तो बाबांसमोर वाचता येणार नाही असा मीच लिहिला. तू गाळलास, कारण तुला त्यांची लाज राखायची होती. मला नव्हती राखायची.

तेव्हा रडणं पुरे. तू त्यांच्याबरोबर राहतेस, त्यांचं पान तू वाढतेस. तुझ्यावरून त्यांचं मन उडालं तर त्यांना कोण आहे? आणि स्वतःच्या हातांवरून उडालं तर ते जगणार नाहीत. मी लांब आहे. मला परवडेल.

बरोबर दुसरा कागद आहे. तो त्यांना मोठ्याने वाचून दाखव. या वेळी एक अक्षरही गाळू नको.

कान्हा

(दुसरा कागद)

तीर्थरूप बाबांस कान्हाचा शिरसाष्टांग नमस्कार.

भागोजी पत्रेवाल्याने सांगितलं ते खरं आहे. नळीभोवतीची फट मोकळी ठेवायची असते. मला ते माहीत होतं. पत्रात लिहायचं मी विसरलो. घाईत होतो, बोट सुटायची होती. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही तर तुम्हाला कळणार कसं? तुम्ही केलंत ते कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं. चूक माझी आहे, एकट्याची. तेरा दिवस तुमच्यासमोर बसून हे सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून बोललो नाही.

तुमचा कान्हा

*

थळ
ता. २६ ऑगस्ट १९३४

दादूस,

वाचलं. एक अक्षर गाळलं नाही. 

बाबा म्हणाले, परत वाच. परत वाचलं. ओटीच्या खांबाला टेकून बसले. मग म्हणाले, “म्हंजे मना कोनी सांगलाच नव्हता.” मी म्हणाले, नव्हता बाबा. मग मोठ्याने रडले. आय गेली त्या दिवशीही रडले नव्हते, ते आता रडले, पार लहान पोरासारखे. मग तोंड धुऊन आत आले आणि म्हणाले, भूक लागली. बोंबलाचं कालवण होतं. तीनदा भात घेतला, दादूस. धर्माजी माझ्याकडे आणि मी धर्माजींकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी काढली आणि बंदरावर गेले. नारळी पौर्णिमेच्या आत सात होड्या भरून दिल्या.

इथवर सुखाचं लिहिलं. पुढचं लिहायला हात वळत नाही, पण आता तुझ्यापासून काही गाळायचं नाही असं ठरवलंय.

पौर्णिमेला नारळ सोडून परत येताना ते म्हणाले, “कान्हाला लिव. म्हनावं, इसरलास ता ठीक, मानूस इसरतो. पन तेरा दिस माज्यासमोर बसलास, मी मनात मरत व्हतो, आनि तू तोंड उघडला न्हायस. आता या घरात येव नको. तुजा तोंड मना दिसू नको.” मी म्हणाले, बाबा, असं नका बोलू. तर म्हणाले, “तू मधी बोलू नको. तू चांगली हायस.”

मी चांगली आहे म्हणतात! हे मी कसं ऐकून घेऊ? दादूस, मी खरं सांगून टाकते. तुझी परवानगी नको मला. पण बाबा आता जेवतात, कामाला जातात, आणि मी तोंड उघडलं तर पुन्हा त्या खांबाला टेकून बसतील, याची भीती वाटते. काय करू ते सांग. लवकर सांग.

मैना

*

माझगाव
ता. २ सप्टेंबर १९३४

चि. मैना,

सांगू नको. आयची शपथ आहे तुला.

तीनदा भात घेतला हे पुन्हा पुन्हा वाचलं. त्यासाठीच तो कागद लिहिला होता, आणि तो उपयोगी पडला. माझ्यावर रागावण्याइतका जीव त्यांच्यात आला, हेही बरंच झालं. तू स्वतःला खाऊ नको. त्यांना वेळेवर वाढ, आणि ते चांगली म्हणाले तर ऐकून घे.

वर्षश्राद्धाला मी येणार नाही. इथेच धक्क्यावर जाऊन आयच्या नावाने घास सोडीन.

यापुढे माझी पत्रं धर्माजींच्या नावाने येतील. बाबांपुढे फोडू नको. कान्हाचं पत्र आलं का, असं त्यांनी कधी विचारलं तर नाही म्हण. पण विचारलं, तर तेवढं मला कळव.

कान्हा